इंजिनाचं पाकीट फोडण्याआधी: छोट्या मॉडेल गाडीत डेल्को, प्लग वायर आणि होस बसवताना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भुसावळचा उन्हाळा सुरू झाला की तिथे पंपाच्या जळालेल्या मोटारींची रांग लागते. पहिल्यांदा गेलो आणि तीस नंबरची तार हातभर मागितली, तेव्हा मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "हातभर? एवढ्यात काय भरून राहिले भाऊ?" मी खिशातली डबी उघडून आत ठेवलेलं इंजिन दाखवलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, फिरवलं, आठ सिलिंडर मोजले आणि म्हणाले, "पंप कितीचा चालवतो यावर?" मग भंगाराच्या डब्यातून मूठभर तार काढून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्याच महिन्यात परदेशातून मागवलेल्या इंजिन डिटेलच्या, म्हणजे मॉडेल गाडीच्या इंजिनावर बसवायच्या बारीक सामानाच्या, पाकिटात जवळपास त्याच जाडीची तार निघाली होती, पुठ्ठ्यावर गुंडाळलेली. तेव्हापासून माझा नियम ठरला. पाकिटातल्या ज्या वस्तूला आकार आहे तिला पैसे द्यायचे, जिला नुसती लांबी आहे ती खानदेशातच शोधायची. डेल्कोचं (प्लगना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागाचं) टोपण, लेथवर काढलेली पुली, होसच्या टोकाचे नट, पितळी पत्र्यात कोरलेला पंखा या गोष्टी घरी बनवायला गेलं तर महिना जातो आणि तरी वाकड्या होतात. तार, होस, पट्टा, केबल मात्र विकत घेऊ नका.

पाकीट मागवण्याआधी गाडीचं साल पाहा

रेव्हेल, एएमटी यांच्या १:२५ मधल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या, अमेरिकन गाड्यांच्या किटमध्ये सहसा पूर्ण इंजिन असतं, फक्त बोडकं असतं. तामियाच्या १:२४ मधल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनच नसतं, बोनेट बॉडीसकट एकसंध ओतलेलं असतं. पहिल्या प्रकारात तुम्हाला वायर आणि बारीकसारीक सामानाचं पाकीट पुरतं. दुसऱ्यात रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट केलेल्या रसायनाचं) अख्खं इंजिन लागतं, शिवाय बोनेट कापून काढावं लागतं. पहिल्याच खेपेला दुसऱ्या वाटेला जाऊ नका.

वायर लावलेले तयार डेल्को मिळतात आणि ते दिसतातही मोहक. (इंग्रजीत डिस्ट्रिब्युटर. पण आपल्याकडे कोणत्याही जुन्या गॅरेजात डेल्कोच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) पण निसान स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६ इंजिन घ्या, १९८९ सालापासूनचं. त्यात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी) बसते आणि वरून झाकण येतं. तिथे डेल्को नाही आणि प्लग वायरही नाहीत. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९७५ पासून 'हाय एनर्जी इग्निशन' सरसकट आलं. त्यांच्या व्ही-८ मध्ये, म्हणजे दोन ओळींत आठ सिलिंडर असलेल्या इंजिनात, कॉइल डेल्कोच्या टोपणातच बसली, म्हणून टोपण रुंद झालं आणि मधली कॉइलची वायर गेली. १९६९ च्या गाडीवर ते रुंद टोपण बसवलं तर जाणकार माणूस बोनेट उघडताक्षणी हसेल. माझ्या एका गाडीला असं हसून झालेलं आहे.

१:२४ च्या गाडीत १:२५ चं इंजिन चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न. चालतं. खरं इंजिन ५० सेंटिमीटर लांब धरलं तर एकात ते २०.८ मिलिमीटर होतं आणि दुसऱ्यात २०. ०.८ मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्याला दिसत नाही.

माप: भागाकार एकच

खऱ्या वस्तूची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या आणि २४ ने भागा. प्लग वायर ७ ते ८ मिलिमीटर असते, म्हणजे इथे ०.३ च्या आसपास. वायंडिंगच्या तारेत ३० नंबर म्हणजे ०.३१५ मिलिमीटर, बरोबर प्लग वायर. २६ नंबर ०.४६ भरते, ती बॅटरीच्या केबलला. ३६ नंबर ०.१९ ची, पंख्याच्या वायंडिंगमध्ये सापडते, ती व्हॅक्यूमच्या नळ्यांना आणि किरकोळ वायरिंगला. तार मागताना इनॅमलची सांगा. पाण्यात चालणाऱ्या सबमर्सिबल मोटारीच्या तारेवर प्लास्टिकचं जाड वेष्टण असतं, ती इथे उपयोगाची नाही.

रेडिएटरचा होस पाइप खऱ्या गाडीत ३८ ते ४० मिलिमीटर, म्हणजे इथे १.६. त्यासाठी सोल्डरिंगची १६ नंबरची तार अगदी नेमकी बसते. बोटानं वाकते, वाकवली तिथेच राहते आणि वळणावर चपटी होत नाही. तिच्यात शिसं असतं, तेव्हा काम झाल्यावर हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका. हीटरच्या होसला १ मिलिमीटरच्या जवळची सोल्डर तार. गिटारची जाड गुंडाळीची तार जाळीदार होससारखी दिसते, पण ती हट्टी असते, लहान वळण घेत नाही.

ठिबक सिंचनाचा जिल्हा म्हणून मी एकदा शेतातून ६ मिलिमीटरची मायक्रोट्यूब कापून आणली होती, होस म्हणून. ६ गुणिले २४ म्हणजे १४४. बोनेटखाली साडेचौदा सेंटिमीटर जाडीचा पाइप! नगरपालिकेची जलवाहिनी गाडीतून नेल्यासारखं दिसत होतं.

हत्यारं सराफ बाजारात

हॉबीच्या दुकानातली हत्यारं चांगली असतात, पण जळगावच्या सराफ बाजारात सोनारकामाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे एक चक्कर मारा. टोकदार चिमटे, अर्ध्या मिलिमीटरखालचे ड्रिल, ते हातानं फिरवायची मूठ, बारीक कानशी, केसासारखं करवतीचं पातं, डोळ्याला लावायचं भिंग हे सगळं कारागीर रोज वापरतात. ड्रिल ०.३५ आणि ०.५ चे घ्या आणि प्रत्येकी चार-पाच घ्या. ते तुटतात. हात कितीही स्थिर असला तरी तुटतात.

चिकटवण्याआधी कणीक

इंजिन डिटेलिंगमधली सगळ्यात महागडी चूक रंगाची नसते, उंचीची असते. रेझिनचं इंजिन किटच्या इंजिनापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर उंच निघालं, वर एअर फिल्टर बसला आणि बोनेट मिटेना, असं झालं की तोवर केलेलं सगळं काम उचकटावं लागतं.

म्हणून काहीही रंगवण्याआधी इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस, रेडिएटर आणि बॉडी टेपनं कोरडं जुळवा. एअर फिल्टरवर हरभऱ्याएवढा कणकेचा गोळा ठेवा, बोनेटच्या आतून तेलाचं बोट फिरवा आणि बोनेट हलकेच मिटवा. उघडल्यावर कणीक जेवढी जाड राहिली तेवढी जागा तुमच्याकडे आहे. एक मिलिमीटर उरली तर निश्चिंत व्हा. कागदासारखी पातळ झाली तर इंजिनाच्या पायांखालून, म्हणजे माउंटिंगमधून घासून इंजिन खाली घ्या. टॅपेट कव्हर किंवा फिल्टर घासू नका, ते नजरेत येतं. हीच कसरत पुढे पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्येही करा, कारण लेथवरची पुली किटमधल्या पुलीपेक्षा जाड असते.

बोनेट कापायचं असेल तर करवत लावू नका. पात्याच्या पाठीनं रेघेवरून पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढा. प्लास्टिकचा बारीक दोरा निघत राहतो आणि शेवटी बोनेट आपोआप सुटून हातात येतं. कोपऱ्यांत आधी ०.५ चं छिद्र पाडून घेतलं की चीर पुढे बॉडीत पळत नाही.

रेझिन, आणि आपला मे महिना

रेझिनच्या भागांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य असतं. भांड्यांच्या साबणानं जुन्या टूथब्रशनं घासून धुतल्याशिवाय प्राइमर मारला तर रंग सालीसारखा निघतो. कापताना उरलेले देठ करवतीच्या पात्यानं काढा आणि घासकाम पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरवर करा, आधी ४००, मग ८००. रेझिनची कोरडी भुकटी छातीत जाऊ देऊ नये. मास्क लावाच.

प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला चिकटत नाही, कारण ते प्लास्टिक विरघळवून जोड देतं आणि रेझिन त्यात विरघळत नाही. फेविक्विक किंवा दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा. फेविक्विक चकचकीत भागाजवळ वापरलं की पांढरी वाफ धरते. तिथे फेविकॉलचा ठिपका बरा.

आणि ऊन. एका मेमध्ये कुरिअरचं पाकीट दुपारी स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि संध्याकाळी आठवलं. दोन्ही टॅपेट कव्हर केळ्यासारखी वाकली होती. रेझिन उष्णतेनं मऊ पडतं, मात्र त्याच गुणामुळे ते दुरुस्तही होतं. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचं, काचेवर सपाट दाबून धरायचं आणि तसंच थंड पाण्यात न्यायचं. नव्वद टक्के सरळ होतं. उरलेलं पॉलिश पेपरवर.

काही इंजिनं आता थ्रीडी प्रिंटरवरची येतात. तपशील अप्रतिम, पण कडक आणि ठिसूळ. आधाराचे खांब पक्कडीनं उपटू नका, मुळाशी बारीक करवतीनं कापा.

रंग

प्राइमर एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत मारायचा. पारा ४४-४५ वर गेला की फवारा हवेतच सुकतो आणि इंजिनावर रांगोळी पडल्यासारखा खरखरीत बसतो. श्रावणात उलटं होतं. दमट हवेत लॅकरवर पांढुरका थर येतो, तेव्हा पाऊस उघडेपर्यंत थांबा.

ब्लॉकचा रंग मनानं ठरवू नका. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक या व्ही-८ इंजिनाचा नारिंगी प्रसिद्ध आहे. फोर्डनं १९६६ पासून इंजिनं निळी केली, तेव्हा १९६५ च्या मस्टँगमध्ये निळं इंजिन ठेवलं की चूक झाली. गिअरबॉक्स बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तामियाचा एक्सएफ-१६. होसला निव्वळ काळा नको, एक्सएफ-८५ हा रबरचा काळा घ्या. सगळ्या रंगांनंतर पातळ केलेला काळा रंग खोबणीत सोडा आणि वरचा पुसून घ्या. बोल्टची डोकी तेव्हाच जिवंत होतात.

किटमधल्या क्रोमच्या भागांना गोंद धरत नाही. क्रोम काढायचं असेल तर घरगुती ब्लीचमध्ये काही तास ठेवा, उतरतं. पण त्या भांड्यात संडास साफ करायचं ॲसिड थेंबभरही पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डेल्को

आता मुख्य काम. उदाहरणाला शेवरोलेचा स्मॉल ब्लॉक घेऊ, १९७५ च्या आधीचा. त्याचा डेल्को इंजिनाच्या मागच्या अंगाला, टोपणाला नऊ तोंडं. कडेला आठ प्लगची आणि मध्ये एक कॉइलची.

टोपण असतं ज्वारीच्या दाण्याएवढं. तयार डेल्को घेतला नसेल तर छिद्रं तुम्हालाच पाडायची आहेत. टोपणाला लाकडी चिमट्यात धरा. सुईनं आधी मधोमध खूण दाबा. मग घड्याळ डोळ्यांसमोर आणा आणि बारा, सहा, तीन, नऊ या जागी खुणा करा. उरलेल्या चार त्यांच्या मधोमध. सरळ एकापाठोपाठ एक गोल खुणा करत गेलात तर शेवटच्या दोन एकमेकींवर चढतात. ०.३५ चं ड्रिल मेणबत्तीवर टेकवून हातानंच फिरवा, दोन वेढे पुढे, एक मागे. छिद्र अर्धा मिलिमीटर खोल पुरे.

तार भंगारातली म्हणजे वेडीवाकडी असते. फरशीच्या दोन गुळगुळीत तुकड्यांमध्ये ठेवून शेवयांसारखी लाटा, सरळ होते. सहा-सहा सेंटिमीटरचे नऊ तुकडे करा. टोकाला फेविक्विकचा ठिपका सुईनं लावा, बाटलीनं नव्हे, आणि प्रत्येक तुकडा छिद्रात उभा करा. एक दिवस हात लावू नका.

मग क्रम. शेवरोलेमध्ये डावीकडच्या, म्हणजे अमेरिकन चालकाच्या बाजूच्या सिलिंडरांना पुढून मागे १, ३, ५, ७ हे नंबर आहेत, उजवीकडे २, ४, ६, ८. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आणि डेल्को वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. टोपणावर एक तोंड पहिल्या सिलिंडरचं धरा आणि त्याच्या तारेला कागदी टेपचं '१' लावा. काट्याच्या दिशेनं पुढची ८, पुढची ४, अशा आठही तारांना चिठ्ठ्या लावा. फोर्डच्या २८९ या व्ही-८ इंजिनात सगळंच वेगळं. डेल्को पुढे, नंबर उजवीकडे पुढून मागे १ ते ४ आणि डावीकडे ५ ते ८, क्रम १-५-४-२-६-३-७-८, फिरणं काट्याच्या उलट. एकाची सवय दुसऱ्याला लावू नका.

एवढं कोण पाहतं, असं वाटेल. पण क्रम पाळला की चार तारा डावीकडे आणि चार उजवीकडे जाताना एकमेकींना खऱ्या इंजिनासारख्या ओलांडतात. मनानं लावल्या की चार सरळ इकडे, चार सरळ तिकडे, कंगव्यासारख्या दिसतात. न मोजताही तो खोटेपणा जाणवतो.

हेडमध्ये प्लगच्या जागी ०.३५ ची छिद्रं इंजिन रंगवण्याआधीच पाडून ठेवलेली असावीत. प्लगच्या टोकावरची रबरी टोपी करायला जुन्या इअरफोनच्या वायरमधली तांब्याचे तंतू ओढून काढा आणि उरलेल्या पोकळ वेष्टणाचे एक मिलिमीटरचे तुकडे ब्लेडनं कापा. तार त्यातून ओवायची आणि मग छिद्रात. हे तुकडे उडतात. पंखा बंद करा, खाली पांढरं फडकं अंथरा.

तार बसवल्यावर वाकवा आणि मगच रंगवा, आधी रंगवलेली तार वळणावर सोलते. वाकवताना चिमट्यानं कोन करू नका, टूथपिकवरून वळवा. रबरी वायर कधी काटकोनात वळत नाही, थोडी लोंबते. मूळ अवस्थेतल्या गाडीला काळा रंग शोभतो. लाल, पिवळ्या वायर हौशी हॉट रॉडसाठी, म्हणजे हौसेनं बदललेल्या गाड्यांसाठी, ठेवा. मधली नववी तार कॉइलकडे जाते. ही तार लावायची विसरलेली किती तरी मॉडेलं मी पाहिली आहेत.

पितळी पत्रा

फोटोएचचे, म्हणजे पितळी पत्र्यात कोरलेले, भाग पत्र्यातून कापताना खाली काच ठेवा, रबरी मॅट नको. मऊ पृष्ठावर भाग वाकतो. गोल वळण हवं असेल तर लायटरच्या ज्योतीवर तापवून थंड होऊ द्या, पितळ मऊ पडतं. सरळ घडी मात्र न तापवता दोन पात्यांमध्ये धरून. पंखा आणि पुली चिकटवण्याआधी पट्टा लावा. पट्टा म्हणजे काळ्या इन्सुलेशन टेपची एक मिलिमीटरपेक्षा किंचित अरुंद पट्टी, दुहेरी.

पाकिटात पांढऱ्या धातूचं इंजिन असेल तर ते जड असतं. पुढचा ॲक्सल किटमधल्या प्लास्टिकचा ठेवू नका, पोलादी तार घाला, नाहीतर सहा महिन्यांत गाडी नाक खुपसून बसते.

बसवण्याचा क्रम

इंजिन चेसिसवर बसवण्याआधी डेल्को आणि प्लग वायर पूर्ण. नंतर चिमटा आत जात नाही. इंजिन बसल्यावर खालचा होस, मग रेडिएटर, मग वरचा होस, शेवटी हीटरच्या दोन नळ्या. होसची पट्टी, म्हणजे क्लिप, चॉकलेटच्या चांदीच्या कागदाची अर्ध्या मिलिमीटरची चिंधी गुंडाळून होते. प्रत्येक नळी जिथून निघते आणि जिथे पोहोचते ती दोन्ही टोकं खऱ्या गाडीच्या फोटोत शोधा. सापडलं नाही तर ती नळी लावूच नका.

बॉडी चढवताना बोनेट पुन्हा मिटवून पाहा, पुन्हा कणीक. वायर उंचावल्या असतील तर आता कळेल.

पहिलं पूर्ण झालेलं इंजिन मी रिवाइंडिंगच्या दुकानात दाखवायला नेलं. मिस्त्रींनी भिंग मागितलं, नऊच्या नऊ तारा बोटानं हवेत मोजल्या, बॅटरीपाशी थांबले.

"लाल वायर सेल्फला गेली. निगेटिव्ह कुठंय?"

नव्हतीच. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत एक काळी केबल लागते, २६ नंबरची, टोकाला चपटी केलेली आणि खाली पिनेनं बोल्टचा ठिपका. मिस्त्रींनी डब्यातून बोटभर तार तोडून पुढे केली.